हातात धरून खायचे फळांचे पाय: साखर कमी, लोणी कमी, तरी खुसखुशीत

शहापूरकरीण

भाजलेल्या करंज्यांच्या धाग्यावर काही जणींनी फळांच्या पायची कृती मागितली होती. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते. पाय म्हणजे कापून वाढायचा गोल मोठा पाय नाही. कडबूसारखा अर्धगोल, एका हातात मावणारा, मुलांच्या डब्यात जाणारा.

आधीच सांगून ठेवते, कारण चार प्रतिसादांत सगळे गुळावर येणार हे मला दिसतंय. पाय हलका करायचा तर नुसती साखर काढून भागत नाही. नेहमीच्या पारीत पिठाच्या निम्मं बटर असतं, २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम, आणि बेकरीत त्याहूनही जास्त. १०० ग्रॅम बटरच्या सव्वासातशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच साखरेच्या चारशे. म्हणजे सारणाची साखर कमी केली आणि पारी जाड, तुपकट तशीच ठेवली तर चव गेली आणि पदरात फारसं काही पडलं नाही. खरं काम पारीत आहे. खापरावरचे मांडे करणाऱ्या आपल्या बेळगावात पातळ पारीची भीती कुणाला असायचं कारण नाही.

पारीला (दहा पाय होतात): कणीक १२० ग्रॅम, मैदा ८० ग्रॅम, पाव चमचा मीठ, फ्रिजमधलं गार बटर ६० ग्रॅम, चक्का ५० ग्रॅम आणि लागेल तसं गार पाणी. पारीत साखर नाही.

कणीक, मैदा, मीठ एकत्र करून त्यात बटरचे तुकडे टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. करंजीला आपण मोहन कडकडीत तापवून घालतो, इथं बरोबर उलटं. हरभऱ्याच्या डाळीएवढे बटरचे कण पिठात तसेच दिसत राहायला पाहिजेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पारीचे पदर सोडवते. चोळत बसलात आणि बटर पिठात पुरतं जिरलं की पदर संपले, मग बिस्किट होतं. वाईट लागत नाही, पण पाय नाही तो.

चक्का घालून गोळा नुसता जमवायचा. तिंबायचा नाही. लोणी कमी केल्यावर गव्हाच्या चिकटपणाला आवर घालणारं फार काही पिठात उरत नाही, त्यामुळं चपातीसारखं मळलं की पारी चामट झालीच. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये.

लाटायचं दोन मिलिमीटर. डब्याच्या झाकणानं १२ सेंटिमीटरचे गोल पाडायचे. मध्ये पोह्याच्या चमच्यानं दोन-अडीच चमचे गार सारण. गरम सारण भरलं की बटर तिथंच वितळतं आणि सगळी मेहनत वाया. कडेवरून पाण्याचं बोट फिरवून दुमडायचं, दाबायचं आणि मुरड घालायची. मुरड येत नसेल तर काट्यानं दाबा, कुणी बघत नाही. वर सुरीनं दोन चिरा, दुधाचा हात, आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या कप्प्यात २०० अंशांवर २० ते २२ मिनिटं.

सारण सध्या मी पेरूचं करते. आतून गुलाबी, जवारी म्हणजे गावठी मिळाला तर उत्तमच. सोलून, बियांचा गाभा काढून बाजूला. बाहेरच्या गराच्या बारीक फोडी. गाभा टाकायचा नाही, सगळा स्वाद तिथंच असतो. अर्धी वाटी पाणी घालून तो शिजवायचा आणि चाळणीवर पळीच्या पाठीनं रगडायचा. खाली गुलाबी लापशीसारखा रस पडतो, वर बिया राहतात. फोडी आणि रस मिळून ४०० ग्रॅम. त्यात २० ग्रॅम साखर, म्हणजे दहा पायना मिळून चहाचे पाच चमचे. मंद आचेवर कडा सोडेपर्यंत आटवायचं. पेरूत पेक्टिन, म्हणजे सारण घट्ट करणारा फळातलाच अंश, भरपूर असल्यानं कॉर्नफ्लॉवर लागत नाही. उतरवताना लिंबू, चिमूट मीठ आणि अगदी नखभर संकेश्वरी मिरचीची पूड. पेरूला तिखटमीठ लावून खाल्लेलं असतं आपण सगळ्यांनी, त्यामुळं जीभ गोडाची वाटच बघत नाही.

या मापानं एक पाय साधारण १५० कॅलरीचा होतो. सगळा मैदा, १०० ग्रॅम बटर आणि सारणात १०० ग्रॅम साखर धरली तर तेवढाच पाय दोनशेच्या वर जातो. तळला तर बोलायलाच नको.

अण्णा_अनगोळ

वाचूनच भूक लागली ओ. पण ती २० ग्रॅम साखर तरी कशाला? गूळ घाला की. गुळाला कोण नाही म्हणत नाही.

शहापूरकरीण

अण्णा, पहिल्याच प्रतिसादात! मी चार तरी धरले होते.

निपाणी_नाका

अण्णांना अनुमोदन. आमचं ऊस. चिकोडी, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात नजर जाईल तिथं ऊसच हाय, आणि आमच्या घरात चहासुद्धा गुळाचा. आमच्या आजीनं आयुष्यभर गूळ खाल्ला, नव्वदी गाठली. कारखान्याच्या पांढऱ्या साखरेत काय हाय? गुळात लोह असतंय, खनिजं असतात.

पथ्यपाणी

आहारसल्ला हा माझा व्यवसाय आहे म्हणून जरा लांबण लावते.

निपाणी_नाका, तुमच्या आजींनी गूळ खाल्ला, पण त्याबरोबर शेतात कामही केलं असेल. गूळ हा मुख्यतः सुक्रोजच, साखरेत असतं तेच. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं आहे, पण एका पायमध्ये येणार दोन ग्रॅम गूळ. त्यातून लोह किती मिळणार? ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या रक्तातली साखर गुळानंही वाढते. काकवी, मध, खजुराचा पाक यांचंही तेच. खजूर अख्खा वाटून घातला तर थोडा चोथा मिळतो एवढाच फरक. चवीसाठी गूळ घाला, जरूर घाला, पण ‘शुगरवाल्यांना चालतो’ असं सांगून कुणाच्या ताटात वाढू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. यात गूळ, मध, काकवी सगळं मोजतात. अख्ख्या फळातली साखर मोजत नाहीत. त्यामुळं ताईंच्या पायमधली दोन ग्रॅम ही चिंतेची बाब नाहीच.

चिंता करायची तर पिठाची करा. त्यांच्या मापानं हिशोब केला: एका पायमध्ये २२ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. त्यातली १४-१५ ग्रॅम एकट्या पारीची, पाच-सहा पेरूची आणि दोनच साखरेची. म्हणजे एक पाय खाल्ला की एक चपाती खाल्ली असं धरायचं आणि जेवणात एक चपाती कमी घ्यायची. मधुमेही माणसानं ‘बिनसाखरेचा आहे’ म्हणून तीन खाल्ले तर गणित फसलं. औषधं, इन्शुलिन चालू असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

निपाणी_नाका

पटलं नाही पण वाद घालत नाही. तुम्ही शिकलेल्या. गूळ मात्र मी घालणारच.

शहापूरकरीण

घाला की. फक्त एक लक्षात ठेवा. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो आणि सारण सैल पडतं, त्यामुळं साखरेच्या सारणापेक्षा जरा जास्त आटवावं लागतं. चिक्कीचा नाही, साधा मऊ गूळ घ्या, आणि फळ अर्धंअधिक आटल्यावरच टाका. केळं आणि अननसाला गूळ छान लागतो. पेरूचा रंग मात्र काळवंडतो.

नवशिकी_वडगाव

ताई, प्रश्न विचारू का? मी अननसाचे केले होते, दुसऱ्या पद्धतीनं. सगळे फुटले, रस बाहेर येऊन पत्र्यावर जळला आणि आतून पारी कच्ची, ओली. साखर कमी घातली म्हणून असं होतं का? आणि माझ्याकडं ओव्हन नाही, मैत्रिणीकडं जाऊन केले. कढईत होतील का?

शहापूरकरीण

साखर कमी केल्याचा संबंध आहे, पण जरा आडवळणानं. भरपूर साखर असते तेव्हा ती फळाचं पाणी धरून ठेवते आणि आटताना पाक होऊन दाट होते. साखर काढली की ते पाणी मोकळं. त्यामुळं कमी साखरेच्या पायमध्ये कच्चं फळ कधीच भरायचं नाही, आधी शिजवून आटवायचं. अननस तर नुसता पाण्याचा हंडा.

अननस किसून घ्या, जाड बुडाच्या भांड्यात झाकण न ठेवता आटवा. पळी ओढली की तळ दिसला पाहिजे आणि रस लगेच धावत यायला नको. तरीही ओलसर वाटलं तर ४०० ग्रॅमला दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाला आणि बुडबुडे येऊन पांढरटपणा जाईपर्यंत शिजवा, नाहीतर पिठूळ चव राहते. पण कॉर्नफ्लॉवर घातल्यावर आंबट फळ फार वेळ उकळत ठेवू नका. आंबटपणानं खळ सुटते आणि परत पातळ होतं. लिंबू पिळायचं तर गॅस बंद केल्यावर.

पारी ओली राहू नये म्हणून खाली चिमूटभर भाजलेला बारीक रवा पसरून त्यावर सारण ठेवा. करंजीच्या सारणात आपण भाजलेला रवा, खसखस घालतो, त्यातलीच युक्ती. आणि वरच्या चिरा विसरला असाल तर वाफेनं फुटणारच.

कढईचं जाणकारांनी सांगावं, मी ओव्हनवाली.

कॅम्पातली_आंटी

कढईचं मी सांगते. नॉनस्टिक नको, ती रिकामी तापवायची नसते. जुनी जाड कढई किंवा अॅल्युमिनियमचा मोठा टोप. तळाला जाड मीठ बोटभर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं रिकामं तापू दे. मग ताटलीत पाय ठेवून आत. पहिली दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कढईत वरून झळ लागत नाही, म्हणून खालची बाजू लाल होते आणि वरची पांढरीफटक राहते. पंधरा मिनिटांनी उलटायचे, परत दहा-बारा. ओव्हनसारखा रंग येत नाही, खुसखुशीत होतात पण. कुकरमध्ये करणार असलीस तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढ, विसरू नको गो.

आमच्याकडं नाताळात नेवऱ्या होतात, खोबरं, तीळ, मनुका भरून, तळलेल्या. मी काही वर्षांपासून अर्ध्या भाजते. पहिल्या वर्षी घरात मोर्चा निघायचा बाकी होता, आता भाजलेल्या आधी संपतात. पूर्वी घरोघरी ओव्हन कुठं होते? नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायची, प्रत्येकीची खूण वेगळी. ती भट्टीची झळ घरातल्या ओव्हनला नाही, ते एक आहे.

शहापूरकरीण, तुझ्या पारीत एक बदल सुचवते. बटरऐवजी घरचं तूप चालेल, पण वजनाला वजन घेऊ नको. बटरमध्ये ८० टक्केच स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. तूप जवळजवळ शंभर टक्के. तुझ्या ६० ग्रॅम बटरला ४८ ग्रॅम तूप पुरे, आणि वरचं पाणी एखाद-दोन चमचे जास्त लागेल. तूप फ्रिजमध्ये घट्ट करून घे.

शहापूरकरीण

आंटी, हे माप सोन्यासारखं आहे. तुपाचे पदर बटरइतके सुटत नाहीत, तुपात वाफ व्हायला पाणीच नसतं, पण स्वाद असा येतो की विचारू नका.

अण्णा_अनगोळ

आणि तेल? शेंगदाण्याचं? आमच्या घरात बटर आणलं की सुनेचे आणि माझे मतभेद होतात.

शहापूरकरीण

तेलानं पारी भुसभुशीत होते, पदर सुटत नाहीत. कण राहायला ते घट्टच नसतं, सगळ्या पिठाला सारखं माखतं. आणि कॅलरी म्हणाल तर तेल १०० ग्रॅमला ९००, बटरपेक्षा जास्तच. ४५ ग्रॅम घालून बघा, लाटताना तुटेल, दोन प्लास्टिकच्या कागदांत लाटा. शेंगदाण्याच्या घाण्यावरच्या तेलाचा वास फळाला मारतो, तेवढं मात्र बघा.

जांबोटीचा_पाऊस

खानापूर तालुक्यात राहून पेरूवर समाधान मानायचं म्हणजे काय! मे महिन्यात जांभळं, करवंदं, फणस, काजूची बोंडं, सगळं दारात असतं आमच्या. बेळगावात गणपत गल्लीत द्रोणातून विकतात तीच जांभळं आम्ही झाडाखाली तुडवतो.

जांभळाचा पाय मी केलाय, सांगतो. पिकलेली, टपोरी, देठाला काळीभोर झालेली घ्यायची. लालसर राहिलेली तुरट मारतात, आणि भाजल्यावर तो तुरटपणा जात नाही, जास्तच कळतो. बी काढणं हे खरं जिकिरीचं काम. सुरीनं सोलत बसू नका. जांभळं थोड्या पाण्यात पाच मिनिटं वाफवून गार करा, मग हातानं चुरा, बी आपसूक सुटते. हात जांभळे होतात, दोन दिवस तसेच राहतात. कामावर जायचं असेल तर हातमोजे. गर आटवताना चिमूट मीठ आधीच घालायचं, तुरटपणा दबतो. अर्धा किलो गराला ३० ग्रॅम साखर पुरते. वेलची घालू नका, दालचिनीचा तुकडा टाकून नंतर काढून घ्या. भाजल्यावर चिरांमधून जो रंग बाहेर डोकावतो तो कुठल्या बेकरीत बघायला मिळणार नाही.

करवंदाचं मात्र जरा त्रांगडं. कच्च्याला चीक असतो, पिकलेल्यात बिया. शिजवून गाळून घेतलं तर रस राहतो, सारण राहत नाही. मी तो रस पेरूत किंवा सफरचंदात मिसळतो. आंबटपणा येतो आणि रंग भन्नाट.

कुंदा_कमी_खा

काजूच्या बोंडाचं काही जमलं का? दरवर्षी वाया जातात आमच्याकडं.

जांबोटीचा_पाऊस

नाही जमलं. घशाला खवखवतं ते भाजूनही पुरतं जात नाही. तो नाद सोडा.

गोडघाशा_पुणेकर

धागा छान आहे, पण मनातलं बोलतो. गोड खायचं तर गोडच खावं. बेळगावातून येताना मी कुंदा आणतो, गोकाकचं करदंट आणतो, आणि थोडं थोडं पण मनसोक्त खातो. अर्धवट गोड पाय खाऊन वर परत कुंदा खाण्यापेक्षा ते बरं. अगदीच कमी करायची तर स्टिव्हिया का नाही वापरत? शून्य कॅलरी, विषय संपला. बाकी तळलेला पाय भाजलेला करण्याची कल्पना काही नवी नाही, अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सनेही १९९२ मध्ये तळलेला अॅपल पाय बंद करून भाजलेला आणला. तिकडचे लोक अजून तळलेल्याची आठवण काढतात म्हणे!

पथ्यपाणी

कुंदा थोडाच खाणार असाल तर तुमच्याशी भांडण नाही. तो ‘थोडा’ नक्की किती असतो तेवढं घरच्यांना विचारा :)

स्टिव्हियाबद्दल: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी गोडी वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये केली आहे. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. माझं मत विचाराल तर जिभेची सवय हळूहळू उतरवणं जास्त टिकतं.

शहापूरकरीण

पुणेकर, स्टिव्हियानं पाक होत नाही, सारणाला अंग येत नाही आणि मागून कडवट लागतं. पेरूत तर फारच कळतं.

गोडी न वाढवता गोड भासवायच्या युक्त्या आहेत. सारणात चिमूट मीठ. वेलची, दालचिनी, जायफळ, यांचा वास आला की जिभेला गोडाची खात्री पटते. पाय कोमट असताना खायला द्या, गारपेक्षा कोमट जास्त गोड लागतो. आणि सगळ्यांत चांगली युक्ती: सारणातली चमचाभर साखर काढून ठेवा आणि दूध लावल्यावर पायांच्या वरून भुरभुरा. ती पहिल्या घासाला थेट जिभेवर येते, शिवाय वर करकरीत होते. मुलांना हाच पाय ‘जास्त गोडाचा’ वाटतो.

साखर अजिबात नको असेल तर फळच तसं निवडा. चिकू, पिकलेला हापूस, जवारी केळं, ओले अंजीर. धारवाडकडचा हापूस आला की त्याचा रस निम्मा होईपर्यंत आटवायचा, त्यात आंब्याच्याच फोडी, वरून लिंबू. साखरेचा कणही लागत नाही. चिकूचा पाय मला स्वतःला आवडत नाही, भाजल्यावर गिच्च होतो आणि रंगही बघवत नाही, पण घरात चाहते आहेत.

कुंदा_कमी_खा

पारीत ज्वारीचं पीठ चालेल का? घरात भाकरीचं पीठ कायम असतं, आणि मैद्याचं नाव काढलं की आई डोळे वटारते.

शहापूरकरीण

सगळी ज्वारी नाही चालणार. ज्वारीला चिकटपणा नाही, भाकरी आपण आधणाच्या पाण्यानं आणि थापून निभावून नेतो. दोन मिलिमीटर लाटून दुमडायला गेलात की घडीवरच चिरते. एकूण पिठाच्या पाव भागापर्यंत घाला, म्हणजे २०० मध्ये ५० ग्रॅम, आणि ती कणकेतून कमी करा, मैद्यातून नाही. ८० ग्रॅम मैदा हा त्या पारीचा कणा आहे. ज्वारीनं एक छान कुरकुरीतपणा येतो. नाचणीही तशीच, पण रंग काळपट. आईला सांगा, एका पायमध्ये आठ ग्रॅम मैदा, एका खारीतही याहून जास्त असतो.

कॅम्पातली_आंटी

आणि पीठ मोजून घ्या, वाटीनं नको. दाबून भरलेली वाटी आणि मोकळी वाटी यात बराच फरक पडतो. लोणी कमी असलं की असल्या चुका लगेच दिसतात. भरपूर बटरच्या पारीत सगळं खपून जातं.

नवशिकी_वडगाव

कढईत केले!! आंटीच्या पद्धतीनं, पेरूचेच. एकही फुटला नाही. खालून मस्त लाल, वरून जरा गोरे. मिरचीची पूड घालताना भीती वाटली होती पण सगळ्यांनी तेच विचारलं, ‘हे काय घातलंयस?’ आता दोन प्रश्न. एअर फ्रायरमध्ये किती वेळ? (भावाकडं आहे.) आणि सकाळी डब्यात द्यायला रात्री करून ठेवले तर मऊ पडतात, काय करू? आमच्याकडं पाऊस सुरू झाला की बिस्किटंसुद्धा सादळतात.

शहापूरकरीण

वा वा! फोटो टाक की.

एअर फ्रायर: १७० अंश, १२ ते १४ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. एकावर एक नको, मध्ये हवा खेळायला जागा ठेव. वारा जोरात असतो, कड आधी करपते, म्हणून पहिल्यांदा दहाव्या मिनिटाला बघ.

डब्याचं: भाजून ठेवू नकोस. फळाचं सारण आहे, रात्रभरात ओल पारीत उतरणारच, पावसाळा असो की नसो. कच्चे भरून, मुरड घालून, ताटलीत सुटे सुटे ठेवून फ्रीजरमध्ये टाक. दगडासारखे झाले की पिशवीत भर. सकाळी लागतील तेवढे थेट गरम ओव्हनमध्ये किंवा फ्रायरमध्ये, वितळवायचे नाहीत. नेहमीपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागतात. दूध तेव्हाच लाव, चिराही तेव्हाच पाड. डब्यात भरण्याआधी जाळीवर पूर्ण गार होऊ दे, गरम बंद केलेस तर आपल्याच वाफेनं मऊ पडतात.

भाजलेले उरलेच तर फ्रिजमध्ये दोन दिवस, आणि खाताना १८० वर पाच-सहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये नको, रबर होतं.

निपाणी_नाका

गुळाचे केले. केळं आणि गूळ. जादा आटवा म्हणालात ते बरं झालं, एकही गळला नाही. पथ्यपाणी ताई, एकच खाल्ला आणि एक चपाती कमी खाल्ली. आता खूश?

पथ्यपाणी

खूश! केळं गोडच असतं, पुढच्या वेळी गूळ निम्मा करून बघा.

निपाणी_नाका

बघू.

अण्णा_अनगोळ

मुरड काही जमेना ओ. सून म्हणते कातण आणा. आमचं जुनं कुणी तरी नेलं ते परत आलं नाही. बरं कातण कुठं मिळतं आता?

कॅम्पातली_आंटी

खडेबाजारात भांड्यांच्या दुकानात विचारा. पितळी घ्या. प्लास्टिकच्या कातणाचे दात बोथट असतात, पारी कापण्याऐवजी ओढतात आणि कड सुटते. आणि कातण फिरवण्याआधी बोटांनी दाबायचं विसरू नका, नुसत्या कातणानं पाय बंद होत नाही.